फोटो दिसतो एवढासा, मग यादी का अडखळते?

खरेदीचं किंवा बातम्यांचं एखादं ॲप उघडून यादी वेगानं सरकवली, की दोन प्रकारचे त्रास दिसतात. कधी यादी बोटाबरोबर छान सरकते, पण फोटोंच्या जागी थोडा वेळ नुसते करडे चौकोन राहतात. कधी फोटो वेळेवर येतात, पण यादीच बोटाखाली अडते, झटका देऊन पुढे जाते आणि पुन्हा अडते. दोन्ही वेळा आपण म्हणतो, ‘नेट स्लो आहे.’ पहिल्या त्रासाबाबत ते बरेचदा खरं असतं. दुसऱ्याचा नेटशी जवळपास काहीच संबंध नसतो. तो झटका फोनच्या आत तयार होतो, आणि तो टाळणं पूर्णपणे ॲप बनवणाऱ्याच्या हातात असतं.

म्हणून या लेखात जास्त जागा त्या दुसऱ्या त्रासाला देतो आहे. ॲप बनवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांना तो लवकर गाठतो, आणि नेटला दोष देण्याच्या सवयीमुळे त्याचं मूळ लवकर सापडत नाही. उदाहरणं मुख्यतः अँड्रॉइडची घेतली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तेच असतं. आयफोनची गोष्ट वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पडद्याची घाई

साध्या फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्यानं रंगवला जातो. अशा प्रत्येक वेळच्या चित्राला फ्रेम म्हणतात. एका फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.६ मिलिसेकंद येतात. पडदा ९० हर्ट्झचा असेल तर ११, आणि १२० हर्ट्झचा असेल तर जेमतेम ८.३. एवढ्या वेळात बोट कुठे गेलं ते पाहायचं, खालून येणारी नवी ओळ तयार करायची, तिच्यातला मजकूर मांडायचा आणि सगळं रेखाटायला पाठवायचं. यातलं बहुतेक काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक कामं उरकणाऱ्या एकाच रांगेत होतं. त्याला मुख्य थ्रेड किंवा यूआय थ्रेड म्हणतात. तो दुसऱ्या कशात गुंतला की ती फ्रेम चुकते आणि पडद्यावर जुनंच चित्र राहतं. एखादी फ्रेम चुकली तर फारसं कुणाला कळत नाही. सलग पाच-सहा चुकल्या की ज्याला ॲपमधलं काही कळत नाही त्यालाही ते जाणवतं.

नेटवरून काही आणायचं काम मुख्य थ्रेडवर करू नये, हा नियम आता सगळ्यांना पाठ असतो. अँड्रॉइडनं तो २०११ साली हनीकोंब या आवृत्तीपासून सक्तीचाच केला. मुख्य थ्रेडवरून नेटवर गेलात तर थेट एरर येते आणि ॲप बंद पडतं. फोटोच्या बाबतीत मात्र आणखी एक जड काम असतं, ते म्हणजे आलेली फाइल डिकोड करणं, म्हणजेच दाबलेल्या फाइलमधून चित्राचे पिक्सेल उलगडणं. त्यावर अशी कोणतीही सक्ती नाही. ते मुख्य थ्रेडवर केलं तरी सिस्टीम निमूटपणे करू देते, आणि यादी अडखळू लागते.

फाइल केवढी, चित्र केवढं

जेपेग फाइल म्हणजे घडी घालून ट्रंकेत ठेवलेलं नऊवारी लुगडं समजा. घडीत ते कोपऱ्यात मावतं, उलगडलं की अंगणभर होतं. पडद्याला घडी चालत नाही, त्याला प्रत्येक पिक्सेलचा रंग मोकळा लागतो. त्यासाठी नेहमीच्या पद्धतीत चार बाइट खर्च होतात: लाल, हिरवा आणि निळा यांचा एकेक, आणि पारदर्शकतेचा एक.

आता हिशेब करू. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. प्रत्येकी चार बाइट धरले तर ४ कोटी ८० लाख बाइट, म्हणजेच ४८ एमबी. फाइल मात्र होती तीन-चार एमबीची. आणि फाइल कितीही दाबली, तरी उलगडल्यावर ते ४८ एमबीच राहतात. जेपेगचा दर्जा कमी करून तीन एमबीची फाइल पाचशे केबीवर आणली, तर ती लवकर डाउनलोड होईल. मेमरीत ती एका बाइटनंही कमी जागा घेणार नाही. ‘आम्ही सगळे फोटो कॉम्प्रेस केले, तरी ॲप अडकतंच’ ही तक्रार असते त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गोम इथेच असते. लोक घडी बारीक करत बसतात, आणि लुगडं तेवढंच राहतं.

यादीतल्या छोट्या फोटोला लागतं किती? साध्या फोनवर १२० डीपीचा (डीपी हे अँड्रॉइडचं पडद्यावरच्या मापाचं एकक) चौकोन म्हणजे साधारण २४० गुणिले २४० पिक्सेल. एकूण ५७,६००, म्हणजे सुमारे २ लाख ३० हजार बाइट. गरज एवढी आणि उलगडतो त्याच्या दोनशे पट. पडद्यावर आणि आसपास मिळून असे दहा फोटो असले तर ४८० एमबी गेले.

२०१७ साली अँड्रॉइड ८ येईपर्यंत हे पिक्सेल ॲपला नेमून दिलेल्या मर्यादित जागेत धरले जात. त्यामुळे ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून ॲप जागच्या जागी बंद पडे. आठव्या आवृत्तीपासून ते त्या मर्यादेबाहेरच्या मेमरीत गेले आणि तशी बंद पडणारी ॲपं कमी झाली. फोनची एकूण मेमरी काही त्यानं वाढली नाही. ती कमी पडली की सिस्टीम मागे ठेवलेली ॲपं एकेक करून बंद करते. ग्राहक तुमच्या ॲपमधून दोन मिनिटं कॅमेऱ्यात जातो आणि परत येतो तेव्हा यादी पहिल्या ओळीपासून सुरू झालेली असते. याचा राग तो तुमच्यावरच काढतो, आणि तो योग्यच आहे.

मेमरीबरोबर वेळही जातो. मध्यम किमतीच्या फोनवर सव्वा कोटी पिक्सेल उलगडायला १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ सहज लागतो. मुख्य थ्रेडवर असं एकदा झालं तर सहा फ्रेम गेल्या. हे काम बाजूच्या थ्रेडवर हलवलं की झटका बराच कमी होतो. पण मोठंच चित्र उलगडत राहिलात तर प्रोसेसर आणि मेमरी तिथेही तेवढीच खर्च होते, शिवाय बॅटरीही. त्यामुळे थ्रेड बदलणं हा अर्धाच उपाय आहे. चित्र मुळात लहान उलगडणं हा खरा उपाय.

हवं तेवढंच उलगडणं

हे दोन पायऱ्यांत होतं. आधी फाइलच्या सुरुवातीची माहिती वाचून लांबी-रुंदी काढायची. यात एकही पिक्सेल उलगडत नाही. अँड्रॉइडच्या बिटमॅपफॅक्टरी या चित्र उलगडणाऱ्या साधनामध्ये ‘इनजस्टडिकोडबाउंड्स’ हा पर्याय त्यासाठीच आहे. मग ‘इनसॅम्पलसाइझ’मध्ये किती पट लहान हवं ते सांगायचं, दोनच्या पटीत: २, ४, ८, १६. आपल्या उदाहरणात १६ दिलं तर २५० गुणिले १८७ मिळेल. उंची २४० पेक्षा कमी पडते, फोटो धूसर दिसेल. ८ दिलं तर ५०० गुणिले ३७५. ते पुरेसं आहे, आणि ४८ एमबीच्या जागी लागतात पाऊण एमबी. चौसष्टावा हिस्सा!

मोठं चित्र पूर्ण उलगडून मग लहान केलं असतं तर वेळ वाचलाच नसता. इथे वाचतो, तो जेपेगच्या रचनेमुळे, आणि ही रचना मला फार सुंदर वाटते. १९९२ च्या या पद्धतीत चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा ६४ आकड्यांत साठवला जातो. पहिला आकडा त्या तुकड्याची सरासरी सांगतो. उरलेले ६३ क्रमाक्रमानं बारीक होत जाणारा तपशील सांगतात. तुम्हाला चित्र आठ पट लहान हवं असेल, तर प्रत्येक तुकड्याचा एकच पिक्सेल होणार. त्याला तो पहिला आकडा पुरतो! डिकोडरला फाइल ओळीनं वाचावी तर लागतेच, पण नंतरचं जड गणित जवळजवळ सगळं टळतं. मोबाइल फोनवर छोटे फोटो दाखवायची वेळ येण्याच्या कितीतरी आधी ही सोय फाइलच्या पोटात तयार होती.

आयफोनवर हेच काम ॲपलचं इमेजआयओ हे साधन करतं. तिथे एक फसवी जागा आहे. बाजूच्या थ्रेडवर यूआयइमेज (आयफोनच्या कोडमध्ये चित्र धरून ठेवणारी वस्तू) तयार केलं म्हणजे चित्र उलगडलं, असं वाटतं. प्रत्यक्षात ते चित्र पडद्यावर पहिल्यांदा यायच्या वेळी उलगडतं, आणि ते मुख्य थ्रेडवर. सगळं बाजूला हलवूनही झटका का जात नाही, म्हणून माणूस चक्रावतो. २०२१ मध्ये आयओएस १५ आलं, तेव्हापासून चित्र आधीच उलगडून ठेवायची आणि लहान करून घ्यायची सोय यूआयइमेजमध्येच मिळाली आहे.

हे सगळं स्वतः लिहायची गरज सहसा पडत नाही. अँड्रॉइडवर ग्लाइड, कॉइल, पिकासो, फेसबुकची फ्रेस्को, आयफोनवर एसडीवेबइमेज आणि किंगफिशर या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले तयार कोड, वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत. नव्या अँड्रॉइड प्रकल्पात मी कॉइल घेईन, जुन्यात आधीच ग्लाइड असेल तर तिला हात लावणार नाही. पण लायब्ररी घेतली म्हणून डोळे मिटायचे नाहीत. ग्लाइड चौकोनाचं माप पाहून ठरवते की चित्र केवढं उलगडायचं. त्या चौकोनाला नक्की माप न देता ‘रॅप कंटेंट’ (आत जे येईल तेवढं माप) ठेवलं, तर ती पडद्याच्या मापाचा आधार घेते. अंगठ्याच्या नखाएवढ्या फोटोसाठी पडदाभर चित्र उलगडलं जातं, आणि कुठेही एरर येत नाही. फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात ‘कॅशेविड्थ’ दिली नाही तर चित्र मूळ मापातच उलगडतं. लेआउटमधल्या एका ओळीनं लायब्ररीची सगळी हुशारी वाया जाऊ शकते.

खरं तर २४० पिक्सेलच्या चौकोनासाठी तीन एमबीची फाइल फोनपर्यंत यायलाच नको. फोननं सर्व्हरला हवी ती रुंदी सांगावी आणि सर्व्हरनं त्या मापाची फाइल द्यावी. ग्राहकाचा डेटा त्याच्या पैशाचा असतो. फाइलचा प्रकार बदलूनही फरक पडतो. वेबपी गुगलनं २०१० मध्ये आणलं, आणि गुगलच्या मोजणीप्रमाणे त्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा ती फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते. एव्हीआयएफ आणखी लहान, पण तिला उलगडायला प्रोसेसरला जास्त राबावं लागतं. लांब यादीत, स्वस्त फोनवर मी अजून वेबपीच निवडेन.

हळदीच्या नावापुढे मिरचीचा फोटो

यादीत पाचशे वस्तू असल्या तरी ॲप पाचशे ओळी बनवत नाही. पडद्यावर मावतील तेवढ्या आणि थोड्या जादा बनवतं, आणि वरून बाहेर गेलेली ओळ खालून नव्या मजकुरासह परत आणतं. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून हे काम रिसायकलरव्ह्यू करतो. आयफोनच्या टेबलमध्येही ओळी अशाच पुन्हा वापरल्या जातात.

आता असं समजा की तिसऱ्या वस्तूचा फोटो मागवला आहे आणि तो यायच्या आत यादी सरकली. तीच ओळ आता पंधराव्या वस्तूसाठी वापरात आहे. तेवढ्यात तिसरीचा फोटो पोचतो आणि पंधरावीच्या नावापुढे बसतो. क्षणभरानं खरा फोटो येऊन तो बदलतो. कधी कधी खरा फोटो आधी येतो आणि जुना नंतर, मग चुकीचा फोटो तिथेच राहतो. किराण्याच्या ॲपमध्ये हळदीपुढे मिरची दिसेल. औषधांच्या ॲपमध्ये काय होईल याचा विचार केला की ही चूक किती गंभीर आहे ते कळतं.

उपाय तीन कामांचा आहे आणि तिन्ही करावीच लागतात. ओळ नव्या वस्तूला देताना आधीची मागणी रद्द करायची. जुना फोटो त्याच क्षणी पुसायचा. आणि नवा फोटो हाती आल्यावर, ओळीला अजून तोच हवा आहे ना, ते तपासून मगच लावायचा. लायब्रऱ्या हे करतात, पण एक फट राहते. काही वस्तूंना फोटोच नसतो, म्हणून लिहिणारा ‘पत्ता असेल तर लोड कर’ एवढंच लिहितो. पत्ता नसेल तेव्हा काय, हे लिहायचं राहून जातं. मग फोटो नसलेल्या वस्तूपुढे दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो दिसतो. तिथे ‘क्लिअर’ म्हणावं लागतं.

मागणी रद्द करण्याचा फायदा आणखीही आहे. ग्राहकानं जोरात बोट मारून शंभर ओळी ओलांडल्या, तर मधल्या फोटोंची आता कुणाला गरज नाही. त्यांच्या मागण्या रांगेतून काढल्या नाहीत, तर समोर दिसणारे फोटो त्यांच्या मागे अडकून पडतात.

एकदा आणलेलं पुन्हा आणू नये

फोटो ठेवायला दोन जागा असतात. मेमरीतला कॅशे उलगडलेली चित्रं ठेवतो, त्यामुळे तो क्षणात देतो, पण त्यात मावतं थोडंच. जागा भरली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं चित्र बाहेर काढतो. डिस्कवरचा कॅशे फाइली ठेवतो. त्यात पुष्कळ मावतं, ग्लाइडमध्ये मुळातच २५० एमबीपर्यंत, पण तिथून घेतलेलं चित्र पुन्हा उलगडावं लागतं. या दोन्हींत नसेल तरच नेटवर जायचं. कर्जत-लोणावळा घाटात बोगद्यामागून बोगदा येतो आणि सिग्नल जात-येत राहतो. तिथे सकाळी पाहिलेली यादी पुन्हा उघडली आणि फोटो दिसले, तर ते डिस्कवरून आलेले असतात.

कॅशे असूनही काम करत नाही, याचं एक कारण वारंवार भेटतं. सुरक्षेसाठी काही सर्व्हर फोटोच्या पत्त्याला काही मिनिटांनी बदलणारं टोकन, म्हणजे परवानगीची खूण जोडतात. फोटो तोच, पत्ता दर वेळी नवा. कॅशे पत्त्यावरून ओळखतो, म्हणून त्याला प्रत्येक वेळी तो नवाच फोटो वाटतो. लायब्ररीला टोकन वगळून कायमची ओळख द्यावी लागते. याच्या उलटही होतं: ग्राहकानं प्रोफाइलचा फोटो बदलला, पत्ता मात्र जुनाच राहिला, आणि त्याला दिवसचे दिवस स्वतःचा जुना चेहरा दिसत राहिला. तिथे पत्त्यात आवृत्तीचा आकडा घालणं सगळ्यात सोपं.

फोटो येईपर्यंत

थोडी वाट पाहावी लागणारच. ती सुसह्य करण्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे जागा आधी राखून ठेवणं. सर्व्हरनं फोटोच्या पत्त्याबरोबर त्याची लांबी-रुंदीही पाठवली, तर फोटो येण्याआधीच चौकोन योग्य मापाचा असतो. नाही तर फोटो आला की खालचा मजकूर ढकलला जातो आणि ग्राहकाचं बोट भलत्याच बटणावर पडतं. एवढी एक गोष्ट केली तरी ॲप कितीतरी शांत वाटतं.

त्या चौकोनात काय दाखवायचं याचे बरेच प्रयोग झाले आहेत. फेसबुकनं २०१५ मध्ये कव्हर फोटोची धूसर झलक सुमारे २०० बाइटमध्ये पाठवायची युक्ती सांगितली होती. चित्र ४२ पिक्सेलपर्यंत लहान करायचं, जेपेगच्या सुरुवातीचा सगळ्यांना सारखाच असणारा भाग ॲपमध्येच ठेवायचा आणि उरलेलंच पाठवायचं. फिनलंडच्या वोल्ट कंपनीचा ब्लरहॅश त्याहून छोटा आहे: वीस-तीस अक्षरांची एक ओळ, वस्तूच्या नावा-किमतीबरोबरच येणारी. ती उलगडायलाही प्रोसेसर लागतो, म्हणून ३२ पिक्सेलच्या आसपास उलगडून ताणावी, पूर्ण मापात कधीच नाही.

पडदाभर फोटोंना अशी झलक शोभते. यादीतल्या छोट्या चौकोनांना फोटोतलाच एक मुख्य रंग पुरतो असं माझं मत आहे. प्रत्येक ओळीत फिरणारं चक्र तर नकोच, डोळ्यांना त्याचा शीण होतो. फोटो आल्यावर तो दोन-तीनशे मिलिसेकंदांत हळूच उमटू द्यावा. मात्र मेमरीतून आलेला फोटो तसा उमटवू नये. तो हाताशी होताच, मग ग्राहकाला थांबवायचं कशाला?

दोष कुठे आहे ते शोधताना

आपल्याकडच्या महागड्या फोनवर सगळं गुळगुळीत चालतं, त्यावर विसंबू नका. तुमचे ग्राहक वापरतात तसला स्वस्त फोन घ्या आणि त्यावर रिलीज बिल्ड (ग्राहकाला जातं ते ॲप) टाका, कारण डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठीचं) मुळातच हळू चालतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग’ आहे. ते चालू केलं की प्रत्येक फ्रेमसाठी एक उभी पट्टी दिसते, आणि १६ मिलिसेकंदांची आडवी हिरवी रेघ. रेघेच्या वर जाणाऱ्या पट्ट्या म्हणजे वेळेत न बसलेल्या फ्रेम.

मग यादी दोनेकशे ओळी खाली न्या, सगळे फोटो येऊ द्या, आणि ॲप बंद न करता एअरप्लेन मोड लावून वर परत या. आता नेट नाहीच. पट्ट्या अजूनही रेघ ओलांडत असतील, तर फोटो फार मोठे उलगडताहेत किंवा मुख्य थ्रेडवर उलगडताहेत. चौकोनांची मापं आणि थ्रेड तपासा. यादी नीट सरकली पण चौकोन रिकामेच राहिले, तर डिस्कचा कॅशे चालत नाही, पत्त्यांकडे पाहा. आणि फोटोही आले, यादीही सरळ सरकली, तर पहिल्या वेळचा उशीर खरोखर नेटचाच होता. मग सर्व्हर कोणत्या मापाच्या फाइली पाठवतो आहे ते बघा.